जिन्यातलं थोटूक

परभणी,
९ डिसेंबर १९९३

लिंबाजीराव,

नमस्कार घ्या. घ्यावासा वाटला नाही तर बाजूला ठेवा, पण पत्र पुढं वाचा, कारण कामाचं आहे.

हाउसिंग बोर्डाची नोटीस आली आहे. वसाहतीतल्या सगळ्याच दारांवर लावली, तुमच्या दारावर कुलपाच्या बरोबर वर. ज्याच्या नावानं घर आहे तोच राहतो की दुसरा कोणी, हे बघायला १५ फेब्रुवारीला माणूस येणार आहे. त्या दिवशी मूळ माणूस घरात दिसला नाही, रजिस्टरवर त्याची सही झाली नाही, तर घर यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. ही घरं मिळावीत म्हणून आपण दोघांनी चार वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले, ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा पंधरा तारखेच्या आत वहिनींना घेऊन या. एवढंच लिहायला बसलो होतो.

पण पानाची उलटी बाजू कोरी राहिली आहे, आणि कोरी बाजू मला कधी सोडवत नाही.

बारा वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता आणि जिन्यात दिवा नव्हता. तुम्ही एस.टी.ची जिंतूरची फेरी संपवून यायचात, खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडायचात आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसायचात. वह्या तपासायच्या टाकून मी पहिल्या मजल्यावरून उतरायचो. एक काडी, दोन बिड्या. तुमच्याजवळ सोनपेठ मुक्कामाच्या गाडीच्या गोष्टी असायच्या, माझ्याजवळ पाचवीच्या पुस्तकातल्या कविता. मी चालीवर म्हणायचो, तुम्ही लोखंडी कठड्यावर बोटांनी ठेका धरायचात. एकदा म्हणालात, "गुरुजी, ह्या कवितेत नदी लय वाहायली. आता गाडी कुठून घालायची?" मी हसता हसता खोकलो होतो.

मी बिडी सोडली आहे. दिवाळीपासून. हात तेवढा अजून ऐकत नाही, सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जातो. खुर्चीत बसतो, उठतो, खिडकीशी जातो, पुन्हा बसतो. तळमजल्यावरच्या तुमच्या कुलपाकडे बघत जिना उतरतो आणि बाहेर काही काम नाही हे आठवून परत चढतो.

फळ्याचं जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. नियम सगळ्यांना सारखा, एवढाच त्याचा अर्थ होता.

तुमची थोटकं टाकायची पत्र्याची डबी त्या दिवशी सकाळी कठड्यावर होती. संध्याकाळी दिसली नाही. वहिनींनी नेली असेल तर ठीकच.

आपला,
दिनकरराव

परभणी,
२२ डिसेंबर १९९३

लिंबाजीराव,

तुमच्या गावी, वालूरला, टपाल दोन दिवसांत पोचतं, हे पोस्टात विचारून आलो. म्हणजे पत्र मिळालं आहे आणि तुम्ही उत्तर देत नाही आहात. ठीक आहे. शाळेत मीही पोरांवर असाच रुसायचो, तेव्हा ही भाषा मला कळते.

तुम्ही दसऱ्यानंतरच्या त्या बिडीबंदीच्या सभेतून मधेच उठून गेलात, त्यामुळं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. उठताना म्हणालात, "मी लपून वढणार न्हाई, आन लपून सोडणार बी न्हाई. बाहेर जाऊन वढा म्हणा, जातो. पर नियम लावायचा तर माणूस बघून लावा." सगळ्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. मीसुद्धा.

तुम्ही गेल्यावर वरच्या मजल्यावरचा सिताराम उभा राहिला. मोंढ्यात दिवसभर पोती उचलून आलेला, डोक्यावर सरकीचे कण तसेच. म्हणाला, "गुरुजी, सरकारनं आपल्याला घरं दिली का शाळा दिली?" सगळे हसले. मी म्हणालो, दोन जिन्यांच्या मधे वारा खेळत नाही, धूर वर चढतो, लेकरं त्यातून जातात. तो म्हणाला, "जात्यात की. मी बी त्यातूनच जातो, हे बघा, आजून जित्ता हाय."

मला वाटलं होतं बायका एकमुखानं माझ्या बाजूनं येतील. तर त्याच्या समोरच्या घरातल्या नर्मदाबाई पदर खोचून म्हणाल्या, "जिन्यात बंद केलं की घरात वढतील, गुरुजी. जिना सगळ्यांचा, घर माझं. एका खोलीत चार माणसं आन वरून धूर. तुमी जिना साफ केला, माझं घर घाण केलं." यावर बोलत बसलो असतो तर मी हरलो असतो. म्हणून मी मतदान घेतलं. हात वर करायला सांगितलं की माणसं शेजाऱ्याकडे बघून करतात, हे चाळीस वर्षांच्या नोकरीत शिकलो होतो. ठराव मंजूर झाला.

शिक्षा काय असावी, यावर कोणी दंड म्हणालं. मी म्हणालो, नको, शाळेसारखं करू. तळमजल्यावर फळा लावू आणि नियम मोडणाऱ्याचं नाव लिहू. संध्याकाळपर्यंत राहील, मग पुसू. माझा जुना फळा मीच दिला आणि वरच्या बाजूला दोन ओळी रचून घातल्या:

जिन्यात बिडी ओढू नका,
लेकरांचा श्वास अडवू नका.

सितारामनं दुसऱ्या दिवशी त्याखाली कोळशानं लिहून ठेवलं: गुरुजींच्या खिडकीचं काय ते विचारू नका. यमक त्याला जमलं, हे मला कबूल करावं लागलं.

सभेत मी आरोग्यावर बोललो. खरं कारण माझ्या खिशात होतं. कुसुमचं पत्र. तुम्हाला दाखवायला हवं होतं, दाखवलं नाही. तिनं लिहिलं होतं: 'बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. आई नाही, तरी मला तिथंच यावंसं वाटतं. पण तुमच्या घरात मला दम लागतो. दोन वर्षं आले नाही त्याचं कारण दुसरं काही नाही. हे म्हणतात, आधी घर बघून येतो, मग ठरवू.'

आमचे जावई आप्पाराव जालन्याहून घर बघायला आले तो दिवस कोणता, हे तुम्हाला आठवत असेल. तोच, तुमचं नाव फळ्यावर आलं तो. ते माझ्या शेजारी उभे होते. खुलासा म्हणून एवढं पुरे आहे ना?

आता घरात उदबत्तीसुद्धा लावत नाही. कुसुम परवा येते आहे. माझी पार्वती गेली त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून घराला घरपण असं नव्हतं. भिंती पुसल्या, पडदे धुतले. पडद्यांचं पाणी चहासारखं निघालं. मी ते बराच वेळ बघत उभा होतो. एका माणसाच्या फुंकरीतून एवढं निघतं.

उत्तर द्या. दोन ओळी द्या.

दिनकरराव

परभणी,
६ जानेवारी १९९४

लिंबाजीराव,

सोमवारी कुसुमला मुलगी झाली. दोघी दवाखान्यातून घरी आल्या आहेत. बाळाच्या मुठी बंद असतात. मी त्यात माझं करंगळीचं टोक घालतो आणि ती धरून ठेवते. मला आत्तापर्यंत किती कविता पाठ होत्या आणि त्यातली एकही या धरण्यापुढं टिकत नाही.

हे पत्र वहिनींसाठी आहे असं समजा. वहिनी, कुसुम बारा वर्षांची असल्यापासून तुम्ही तिला बघितलंय. तिचा दमा उठला की पार्वती आधी तुम्हाला हाक मारायची, मग डॉक्टरला. या वसाहतीतल्या किती बाळंतिणी तुम्ही चोळल्या, शेकल्या, किती लेकरं पायावर घेऊन न्हाऊ घातली. कुसुम आल्या दिवशी दारातच म्हणाली, "दगडाबाईकाकू कुठंयत?" मी म्हणालो, गावाकडं गेल्यात, येतील. खोटं बोललो असं म्हणवत नाही, कारण 'येतील' हे मी मनापासून म्हणालो होतो.

सध्या आमच्या समोरच्या मालनबाई शेकायला येतात. बाई मायाळू आहे. हात मात्र घाईचा आहे.

सोमवारीच मी तुमच्या जुन्या गाडीवरच्या मुंजाजी कंडक्टरला गाठलं. तो हल्ली सेलू-वालूर फेरीवर असतो. त्याच्याजवळ निरोप दिला की बाळाच्या बारशाला चौदा तारखेला या, संक्रांतही आहे. काल तो तुमचा निरोप घेऊन आला. स्टँडवर, चहाच्या गाड्याजवळ, सगळ्यांदेखत म्हणाला, "गुरुजी, ते म्हन्ले, फळा पुसला का तेवढं विचार."

लिंबाजीराव, फळा त्याच संध्याकाळी पुसला. मीच पुसला, ओल्या फडक्यानं. पण खरं सांगू, तुमचं नाव मी फार वळणदार काढलं होतं. दाबून. जुन्या फळ्यावर दाबून लिहिलेलं ओल्या फडक्यानं जात नाही, वाळलं की पुन्हा उगवतं. सकाळी उन्हाची तिरीप आली की 'लिंबाजी' मधला 'लिं' अजून वाचता येतो.

मुंजाजीनं बिडी पुढं केली. मी घेतली नाही. म्हणजे आधी घेतली, मग परत दिली.

तुम्ही वहिनींना तरी पाठवा. तुमचा राग माझ्यावर आहे, लेकीवर नाही.

दिनकरराव

परभणी,
१८ जानेवारी १९९४

लिंबाजीराव,

चार दिवस टपाल बंद होतं, गाड्या बंद होत्या. विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली आणि गावात बंदोबस्त लागला, हे वालूरला कळलंच असेल. सितारामच्या घरी पेढे होते. त्यानं ते सगळ्या मजल्यांवर वाटले. कोणी हातात घेतले, कोणी 'ठेवा तिथं' म्हणाले. मी घेतला आणि खाल्ला, पण हात पुढं करायला मला एक क्षण जास्त लागला. सितारामनं तो मोजला असणार. तो मोजतो.

त्याच दिवशी, चौदा तारखेला, बारसं.

मी सकाळपासून पाळण्याचं गाणं रचत होतो. घरात पार्वती असती तर तिनं जुनंच म्हटलं असतं, पण मला नातीसाठी नवं हवं होतं. पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत मी चार कडवी जुळवली, पाचव्याला अडलो. आतल्या खोलीत मालनबाई बाळंतिणीला शेक देत होत्या. थंडी होती म्हणून खिडक्या लावलेल्या, दारावर गोधडी टाकलेली. मला हाक मारून म्हणाल्या, "गुरुजी, थोडे निखारे आणा, आज बाराव्याची धुरी मोठी करू. लेकराला नजर लागायला नको." मीच शेगडीतले निखारे घमेल्यात घेऊन दिले. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं मीच बाजारातून आणली होती. पार्वतीनं यादी करून ठेवल्यासारखं सगळं मला आठवत होतं.

थोड्या वेळानं तो वास बाहेर आला. लिंबाजीराव, काय सांगू. चोवीस वर्षं मागं गेलो. कुसुमच्या वेळी आमच्या घरात असाच वास होता. मी डोळे मिटून उभा राहिलो आणि पाचवं कडवं आपोआप आलं. आत कुसुम खोकत होती. मी ते ऐकलं. पण कडवं हातचं जाईल म्हणून आधी ते लिहून घेतलं.

मग मालनबाई ओरडल्या.

आत धुराची भिंत होती. कुसुमचे ओठ निळे पडले होते, खांदे कानापर्यंत वर आले होते, आवाज फुटत नव्हता. बाळाला मालनबाईंनी पदरात घेऊन बाहेर आणलं होतं. ते सुखरूप आहे, आधीच सांगतो. रस्त्यावर एक रिक्षा नाही. मी जिन्यात उभा राहून हाका मारत होतो, आणि कोणाला मारत होतो? तुम्हाला. 'लिंबाजीराव, लिंबाजीराव.' कुलपाला.

सिताराम वरून उतरला. त्यानं तिला खुर्चीसकट उचललं, बारशासाठी आदल्या दिवशीच आलेल्या आप्पारावांनी दुसरी बाजू धरली, आणि खाली त्याचा मोंढ्यातला हातगाडा उभा होता त्यावर गादी टाकून नेलं. चौकात पोलिसांनी अडवलं. सिताराम म्हणाला, "साहेब, मला मागून हाणा, पर आधी जाऊ द्या." त्यांनी जाऊ दिलं. त्याच्या कानावर बिडी होती, ती शेवटपर्यंत तशीच होती, न पेटवलेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "घरात कोण ओढतं?"

मी म्हणालो, "कोणी नाही. आमच्या इमारतीत बंदी आहे."

ते म्हणाले, "मग हिच्या कपड्यांना, केसांना हा धूर कसला?"

कुसुम आता ठीक आहे. अजून दवाखान्यात आहे, पण श्वास सरळ चालतो. मी जाऊन येऊन बाहेरच्या बाकावर बसतो. तिच्यासमोर फार वेळ थांबवत नाही. मालनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना मी काय बोलू? आयुष्यभर सगळ्यांनी हेच केलं, आणि मायेनंच केलं. वहिनी असत्या तर त्यांनी खिडकी उघडी ठेवली असती. कुसुमच्या खोलीत त्यांनी कधी उदबत्तीचा पुडाही उघडू दिला नव्हता, हे मला आठवायला चार दिवस लागले. त्यांना मीच इथून घालवलं.

एवढंच आज लिहवतं. अजून एक लिहायचं आहे, ते आज होत नाही.

दिनकरराव

परभणी,
३० जानेवारी १९९४

लिंबाजीराव,

आप्पाराव काल कुसुमला आणि बाळाला जालन्याला घेऊन गेले. भांडून नाही. उलट वाकून नमस्कार केला. भांडले असते तर बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी कुसुम मला म्हणाली, "बाबा, लिंबाजीकाका मला जिना चढताना बघितलं की बिडी विझवून डबीत टाकायचे. मी वर जाईपर्यंत हात पाठीमागं ठेवायचे. तुम्ही माझ्याच शेजारी बसून वह्या तपासायचात आणि ओढायचात. मी शाईचा वास आणि तो वास एकच समजायचे." रागानं नाही बोलली. नुसतं आठवून बोलली. मग म्हणाली, "काकांचं नाव फळ्यावर कसं आलं?"

मी तिला सांगितलं. तुम्हाला आता सांगतो, तुम्हाला माहीत असलं तरी.

ते थोटूक माझं होतं.

दिवाळीला बिडी सोडली हे खोटं आहे. घरात ओढायची सोडली. त्या दिवशी सकाळी आप्पाराव यायचे म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. पहाटे पाच वाजता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, आपल्याच जागेवर, ओढली. तुम्ही झोपलेले होतात. विचारात दोऱ्यापर्यंत जळाली, बोटाला चटका बसला आणि हातातून पडली. अंधारात सापडली नाही. आठ वाजता मालनबाईंना सापडली. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे तुमच्या दोस्ताचं काम." आप्पाराव माझ्या शेजारी उभे. सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं, कारण सभेत तुम्हीच 'लपून सोडणार नाही' म्हणाला होतात.

थोटकाचं टोक चावलेलं होतं. मी पेनची टोपणंही अशीच चावतो, हे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. आणि तुमच्या पुढच्या चार दातांपैकी एकही तोंडात नाही, हे साऱ्या वसाहतीला. कोणीतरी थांबून बघितलं असतं तरी कळलं असतं. तुम्ही बघितलं. थोटकाकडं, मग माझ्याकडं. बराच वेळ. मी तोंड उघडण्याची तुम्ही वाट बघत होतात, हे मला तेव्हाच कळत होतं. मग म्हणालात, "लिव्हा गुरुजी. तुमच्या हातानं लिव्हा."

आणि मी लिहिलं. खडू हातात आला की माझं अक्षर आपोआप चांगलं येतं.

वहिनींनी ते थोटूक मालनबाईंच्या हातून घेतलं आणि पदराच्या टोकात बांधलं. आत निघून गेल्या. चौथ्या दिवशी तुमच्या दाराला कुलूप होतं.

आज सकाळी मी सगळ्यांना खाली बोलावलं. फळ्यावर माझं नाव लिहिलं, दिनकरराव, आणि त्याखाली तारीख, नोव्हेंबरातली. मग हे सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच. मालनबाई कठड्याला धरून खाली बसल्या. सिताराम म्हणाला, "मला ठावं होतं. तुमच्या खिडकीखाली असली चावलेली थोटकं रोज पडायची, म्हणून तर खिडकीचं लिव्हलं हुतं." मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "तुमचा जावई हुता संगं. माणसाची इज्जत जावयासमोर काढत न्हाईत."

म्हणजे त्यानं माझी वाचवली आणि मी तुमची घालवली, एकाच जावयासमोर.

मग तो म्हणाला, "आता बंदी उठली म्हणायची का?" दोघं-चौघं हसले. मला वाटलं, उठू द्या, माझ्यासोबत तीही पडू द्या. तर नर्मदाबाई म्हणाल्या, "का उठल? गुरुजी खोटे निघाले म्हणून धूर खरा व्हायचा का? त्या लेकीचे ओठ मी बघितले." त्या पुढं म्हणाल्या, "जिन्यात न्हाई, घरात न्हाई. पाण्याच्या टाकीजवळ लिंबाचं झाड हाय, तिथं बाकडं टाका. वढायचं तर तिथं जाऊन वढा, समद्यांच्या समोर. आन बाळंतिणीच्या खोलीत धुरी न्हाई. त्याला बी नियम." हे शेवटचं बोलताना त्यांनी मालनबाईंच्या पाठीवर हात ठेवला होता. या वेळी मी हात वर करायला सांगितले नाहीत. बाकडं दुपारी सितारामनंच आणलं.

त्यावर बसून मी आज बिडी ओढली. उजेडात. चव लागली नाही.

पंधरा तारखेला सोळा दिवस उरले. दोनदा स्टँडवर जाऊन आलो. एकदा गाडीत बसलोसुद्धा, मुंजाजीनं घंटी मारायच्या आत उतरलो. तुमच्या दारात उभं राहून हे तोंडानं बोलायचं तर आवाज कुठून आणायचा, कळत नाही. म्हणून लिहितो. माझ्यामुळं तुमचं घर जाऊ नये. माझ्याशी बोलू नका, चालेल. सही करायला या.

दिनकरराव

इमारत क्रमांक ४, पहिला मजला,
१६ फेब्रुवारी १९९४

लिंबाजीराव,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. एकाच मजल्याचा प्रवास आहे. दाराखालून सरकवतो.

काल सकाळी मी खिडकीत होतो. बोर्डाचा माणूस पहिल्या इमारतीत शिरला, दुसरीत शिरला, तिसरीत शिरला. मी टाकीपर्यंत जाऊन आलो, फाटकापर्यंत जाऊन आलो, घरात येऊन पाणी प्यालो आणि पुन्हा फाटकाशी गेलो. तिथं तुमची आणि वहिनींची पिशवी दिसली. आधी पिशवी ओळखू आली, मग तुम्ही. तुम्ही माझ्या अंगावरून गेलात. वहिनींनी मान हलवली, तुम्ही नाही. कुलूप निघालं. जिन्यात उभा राहून मी ऐकलं: माणसानं नाव विचारलं, तुम्ही सांगितलं, आणि मग कागदावर पेनाचा आवाज. तुम्ही सही फार सावकाश करता. इतका वेळ मी श्वास धरून होतो.

घर राहिलं. यापुढं मागायला मला तोंड नाही, असं ठरवून काल दिवसभर खाली आलो नाही.

संध्याकाळी खिडकीतून दिसलं, तुम्ही टाकीजवळच्या बाकड्यावर बसला होतात. नियम तुम्हाला कोणी सांगितला होता? मी पत्रात लिहिला होता. म्हणजे पत्रं वाचलीत. सगळी.

आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर तुमची पत्र्याची डबी. वाटलं, तुम्ही बिडी सोडली आणि डबी मला दिली. उघडली. आत एकच थोटूक. दोऱ्यापर्यंत जळालेलं, टोक चावलेलं.

नोव्हेंबरापासून तुम्ही ते जपून ठेवलंत. फळ्यासमोर सगळ्यांत काढून दाखवायला एक क्षण लागला असता. आप्पारावांना दाखवायला, मुंजाजीबरोबर पाठवायला, वालूरच्या पारावर चार माणसांत सांगायला. दाखवलं नाहीत. मी माझ्या तोंडानं सांगेपर्यंत डबी बंद ठेवलीत, आणि सांगितल्यावर ज्याचं त्याला परत केलंत.

मला चाळीस वर्षं वाटत होतं की शिकवणारा मी.

थोटूक टाकलं नाही. डबीही परत करत नाही, कारण ती आता माझी आहे असं तुम्ही ठरवलंय. कुसुमचं कार्ड आलंय, बाळाला पहिला दात दिसायच्या आत वहिनींनी एकदा जालन्याला यावं म्हणते. ते कार्ड वहिनींना वाचून दाखवायचं आहे. एवढं निमित्त मला पुरेल का, ते तुम्ही सांगा.

हे पत्र सरकवून मी वर जाणार नाही. मधल्या टप्प्यावर बसतो. हात रिकामे आहेत.

दिनकरराव